धुरपताबाईनं टिपलेला खंड्या

मूल गावच्या बाजारात, धानाच्या गिरणीसमोर, एक फोटो स्टुडिओ होता. पाटीवर नाव खुशालचं, पण कॅमेऱ्यामागे काळ्या कापडात डोकं घालून उभी असायची ती त्याची बायको धुरपता. १९५० नंतरची ती वर्षं. चांदा जिल्ह्यात एक बाई फोटो काढते हे ऐकून लोक आधी हसले आणि मग आपल्या लेकीसुनांना तिच्याकडेच घेऊन येऊ लागले. परक्या पुरुषासमोर अंग चोरून बसण्यापेक्षा तिच्यासमोर बसणं बायकांना सोपं वाटायचं. "मान वर कर व, खाली का मुंग्या मोजून राह्यली?" असं ती म्हणाली की समोरची हसायची, मग मोकळी होऊन स्थिर बसायची, आणि फोटो होऊन जायचा.

खुशाल लढाईच्या काळात सैन्याच्या फोटो खात्यात फोटोच्या काचेच्या प्लेटा धुवायला होता. हा धंदा तो तिथंच शिकला. पुढं त्याची नजर अधू झाली, समोरच्या माणसाचा चेहराही धड दिसेना. तेव्हा धुरपतानं कॅमेरा हाती घेतला आणि खुशालनं अंधारी खोली सांभाळली. त्या खोलीत डोळ्यांपेक्षा बोटांचं काम जास्त, आणि खुशालची बोटं तरबेज होती.

एके दिवशी बोरकुटे नावाचे रेंजर बायको-मुलांचा फोटो काढायला आले. जाता जाता म्हणाले, "धुरपताबाई, पोंभुर्ण्याकडं आमचं विश्रामगृह आहे. भिंतीवर सांबराची शिंगं आहेत, वाघाचं मुंडकं आहे. मला तिथं एक जिवंत पाखरू लावायचंय. पाहणाऱ्याच्या डोळ्यात डोळा घालणारं. जमेल?"

"जमते," धुरपता म्हणाली.

साहेब गेल्यावर खुशाल म्हणाला, "जमते म्हणून मोकळी झाली. पाखरू का बाकावर येऊन बसते?"

"बसते. कुठी बसते ते मले माहीत आहे."

तिला खरंच माहीत होतं. ती ढिवराघरची लेक. माहेर मूलजवळच्याच एका तळ्याकाठी, आणि तिचा भाऊ डोमा अजून त्या तळ्यात जाळं टाकायचा. तळ्याच्या पाळीत, म्हणजे मातीच्या बांधात, एका खंड्यानं बीळ कोरलं होतं. मासा चोचीत धरला की तो आधी जवळच्या एका खुंटावर टेकायचा, इकडं तिकडं पाहायचा आणि मगच बिळात शिरायचा. भिंगही घरात होतं. लढाई संपल्यावर नागपूरला लष्करी सामानाचा लिलाव झाला, तेव्हा खुशालनं एक लांबलचक टेलीफोटो भिंग आणलं होतं. दूरचं जवळ आणणारं ते भिंग स्टुडिओत कधी कामी आलं नाही, तसंच कापडात गुंडाळून पडलं होतं. धुरपतानं ते काढलं, पुसलं आणि कॅमेऱ्याला चढवलं.

डोमानं पाळीवर काटक्या-पाल्याचं लपण बांधून दिलं. धुरपतानं कॅमेऱ्याच्या मागच्या दुधी काचेवर खुंटाचं टोक नीट जुळवून घेतलं, काचेच्या जागी प्लेट सरकवली आणि कॅमेऱ्याची कळ दाबणारी तार हातात धरून बसली. ऊन चढल्यावर खंड्या आला, खुंटावर टेकला, तिनं तार दाबली. संध्याकाळी खुशालनं प्लेट धुतली आणि दुसऱ्या दिवशी उन्हात छाप काढला.

फोटोत पाखरू होतं. निळं पाखरू फोटोत करडं दिसणार हे ठरलेलंच, पण हे पिंजलेल्या कापसाचं केल्यासारखं होतं. चोच कुठं संपते आणि मासा कुठं सुरू होतो ते कळत नव्हतं. डोळ्याच्या जागी नुसता डाग.

बोरकुटे साहेबांना मात्र तो आवडला. "अहो, इतक्या जवळून खंड्या मी पाहिलाच नव्हता! जरा धूसर आहे, पण चालेल."

"मले नाई चालत," धुरपता म्हणाली आणि तिनं फोटो त्यांच्या हातातून काढून घेतला. "तुमी म्हणाले होते डोळ्यात डोळा. याले डोळाच नाई. थोडं थांबा साहेब, दुसरा देतो."

साहेब हसले. "थांबतो. पण खंड्याची पिल्लं उडाली की तो त्या खुंटावर यायचा नाही, हे ध्यानात असू द्या."

तिच्या ध्यानात होतंच. म्हणून एकदम सगळं बदलण्यापेक्षा तिनं एकेक गोष्ट धरायचं ठरवलं. आधी वाटलं, कॅमेरा हलला असेल. भिंग जड, तोंडाकडं वाकणारं. तार दाबताना जरा थरथर झाली तरी पाखरू विस्कटणार. तिनं कॅमेऱ्याच्या तिकाटण्याच्या तिन्ही पायांवर रेतीच्या पिशव्या बांधल्या, मधोमध दगड लटकवला आणि भिंगाखाली बांबूची टेकण दिली. फोटो पहिल्यापेक्षा बरा आला, पण पिसं काही सुटी झाली नाहीत.

मग तिनं हवेकडं पाहिलं. फाल्गुन सरत आला होता. दहाच्या सुमारास तळ्यावरची हवा चुलीवरच्या वाफेसारखी हलायची, पलीकडची झाडं लहरताना दिसायची. एवढ्या लांब भिंगातून ती हलणारी हवाही फोटोत येणारच. म्हणून ती सूर्य नुकता वर आला तेव्हा जाऊन बसली. हवा गार आणि स्थिर. पण सकाळचा उजेड कमी, म्हणून तिला भिंगाचं तोंड पूर्ण उघडावं लागलं. आता तरी साधेल अशी तिची खात्री होती.

छाप निघाला तो सगळ्यांत वाईट. पाखरू आधीपेक्षाही धूसर!

खुशालनं हात झटकले. "भिंगच भंगार असन. लिलावाचा माल, त्याचा का भरोसा?"

धुरपतालाही क्षणभर तसंच वाटलं. भिंग वाईट म्हटलं की प्रश्नच मिटतो. पण तिनं सगळे फोटो दारात, उजेडात मांडले आणि बारक्या हातभिंगानं एकेक कोपरा पाहू लागली. आतापर्यंत ती नुसती पाखराकडंच पाहत होती. आता पाखरू सोडून बाकीचं पाहिलं.

"आयकलं का जी," ती एकदम म्हणाली, "भिंग झकास हाये."

"काऊन?"

"पाखराच्या मागं, चार बोटांवर, गवताचं एक कणीस हाये. त्याचं कुसळ न् कुसळ दिसून राह्यलं. भिंग खराब असतं तं हे कुसळ तरी कसं दिसलं असतं? कॅमेरा हलला असता तं हेही हललं असतं. फोटो बरोबर निंगून राह्यला, पण मी म्हणतो तिथचा नाई. मागचा."

खुशाल विचारात पडला. "तू खुंटावर जुळवते ना?"

"खुंटावरच. खुंटाची साल दिसते काचेवर."

तिनं तर्क करत बसण्यापेक्षा मोजमाप करून पाहिलं. अंगणात एका फळीवर जुना पेपर चिकटवला, मधल्या एका ओळीखाली कुंकवाची रेघ ओढली आणि फळी तिरकी टेकवली. म्हणजे खालच्या ओळी कॅमेऱ्याच्या जवळ, वरच्या दूर. भिंगाचं तोंड उघडं ठेवून तिनं बरोबर त्या रेघेवर जुळवलं आणि प्लेट घेतली. छापात रेघेवरची ओळ पसरट, धूसर होती. तिच्यावरच्या, म्हणजे मागच्या, ओळी मात्र टाकीचे घाव घातल्यासारख्या उठल्या होत्या.

आता संशय एकाच ठिकाणी उरला. काचेवर एक दिसतं आणि प्लेटवर दुसरं उतरतं, म्हणजे काच आणि प्लेट एका जागी बसत नव्हत्या. तिनं मागची चौकट काढून खुशालच्या हातात दिली.

"ही काच पाहा बरं जी हात लावून."

खुशालनं बाहेरच्या बाजूवरून बोट फिरवलं. मग आतल्या बाजूवरून. पुन्हा बाहेरून. आणि त्याचं बोट थांबलं.

दुधी काचेची एक बाजू घासून खरबरीत केलेली असते, आणि चित्र उमटतं ते त्याच बाजूवर. ती बाजू भिंगाकडं पाहिजे. आधीची काच गेल्या दिवाळीत फुटली, तेव्हा खुशालनं नवी घासून आणली आणि बसवली. खरबरीत बाजू बाहेर राहिली. काचेच्या जाडीएवढा फरक पडला. स्टुडिओत तो कधी कळला नाही. तिथं लोक दम धरून बसायचे, म्हणून भिंगाचं तोंड बारीक ठेवता यायचं, आणि तोंड बारीक असलं की थोडं मागंपुढं झालेलं झाकून जातं. पाखरासाठी तोंड उघडलं आणि फरक उघडा पडला.

"मीच बसोली," खुशाल हळूच म्हणाला. "एवढे दिवस माह्या बोटायच्या गोष्टी सांगत होतो."

"त्याच बोटायनं आता पलटवा," धुरपता म्हणाली. "मले उद्या सकारी तळ्यावर जायचं हाये."

खुशालनं काच उलटवून बसवली, कडांना मेण दिलं आणि दोनदा बोट फिरवून खात्री केली. धुरपतानं अंगणातली फळी पुन्हा टिपली. या वेळी कुंकवाच्या रेघेवरची ओळ लख्ख आली. एवढं झाल्यावर तिनं स्वयंपाकाला हात लावला.

सकाळी डोमा तिच्यासोबत पाळीवर आला. म्हणाला, "पिल्लं बिळाच्या तोंडाशी येऊन राह्यली व बाई. आज-उद्याचंच काम हाये." धुरपतानं या वेळी खुंटाच्या टोकावर नाही, तर टोकाला एक काडी खोचून, खंड्याचं डोकं येईल त्या जागेवर जुळवलं. मग काडी काढून घेतली आणि लपणात शिरली.

खंड्या आला तो चोचीत चांदीसारखा मासा घेऊन. खुंटावर टेकला. त्यानं मासा दोनदा खुंटावर आपटला. धुरपता थांबली, पाखरू हलत होतं, आता दाबून उपयोग नव्हता. मग त्यानं मान तिरकी केली आणि थेट भिंगाकडं पाहिलं. तिनं श्वास धरला आणि तार दाबली.

प्लेट वाळल्यावर छाप काढला तेव्हा खुशाल तिच्याजवळ येऊन उभा राहिला. "सांग," म्हणाला.

ती सांगू लागली. डोळ्यात उजेडाचा ठिपका आहे. चोचीवर पाण्याचा थेंब आहे. डोक्यावरची बारकी बारकी पिसं खवल्यासारखी एकावर एक आहेत, आणि माशाची खवलंही वेगळी मोजता येतात. खुशाल ऐकत राहिला, मग त्यानं फोटोच्या कोऱ्या मागच्या बाजूवरून हात फिरवला आणि म्हणाला, "याची मोठी प्रत चांद्याहून करून आणू."

मोठी प्रत बोरकुटे साहेबांनी दारात, उजेडात नेऊन पाहिली. नंतर एवढंच म्हणाले, "बरं झालं तुम्ही तो पहिला काढून घेतला." विश्रामगृहात त्यांनी वाघाचं मुंडकं उतरवून तिथं खंड्या लावला. येणारे-जाणारे साहेब लोक तो पाहून विचारू लागले आणि मूलच्या स्टुडिओत पाखरांच्या फोटोंची मागणी येऊ लागली. त्यासाठी धुरपतानं आपल्या अटी ठरवल्या. घरट्यातल्या पाखराला ती हुसकावून लावणार नव्हती, आणि डोळा दिसत नसलेला फोटो कोणाला देणार नव्हती.

पुढच्या हंगामात एका मोठ्या तळ्याच्या दलदलीत सारसाच्या जोडीनं घरटं केल्याची खबर आली. धुरपतानं बैलगाडी जुंपायला सांगितली. पेंढ्यावर कॅमेऱ्याची पेटी ठेवली, रेतीच्या पिशव्या ठेवल्या आणि लांब भिंग खुशालच्या मांडीवर दिलं.

"मी का करू तिथी येऊन?" खुशालनं विचारलं.

"भिंग धरा. आन् आवाज आयकून सांगा, सारस कोन्या बाजूनं येऊन राह्यला ते. माह्यं डोकं तं कापडात राह्यते."

खुशालनं भिंग छातीशी धरलं. गाडी पाळीच्या वाटेला लागली.