सतरा नंबरची तिसरी पेटी

गावात तिला सगळे पाताळकाकू म्हणत. हे नाव कोणी ठेवलं ते कबूल करायला आजवर कोणी पुढे आलेलं नाही, पण ठेवणाऱ्याचं डोकं चालत होतं हे नक्की. जमिनीखाली काय दडलंय हे त्या गावात दोघांनाच ठाऊक होतं, एक खाणकंपनी आणि दुसरी काकू. त्यातली कंपनी तोंड उघडत नसे आणि काकूचं तोंड मिटत नसे.

ती कंपनीच्या कोअर शेडची राखणदार होती. राखणदार म्हणजे दाराशी काठी घेऊन बसणारी नव्हे. खाण खणण्याआधी कंपनी डोंगरात ठिकठिकाणी ड्रिलने खोल भोकं पाडते. नळीतून मनगटाएवढ्या जाडीचा दगडी दांडका तुकड्या-तुकड्यांनी वर येतो, त्याला कोअर म्हणतात. ते तुकडे ज्या क्रमाने वर आले त्याच क्रमाने लाकडी पेटीत मांडायचे, पुस्तक वाचतात तसे, डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली. एका पेटीत पाच ओळी, एकेक ओळ मीटरभर. जिथे दगड ठिसूळ निघाला, वाटेतच त्याचा भुगा झाला आणि हाती काही आलंच नाही, तिथे तेवढ्याच लांबीचा लाकडी ठोकळा ठेवायचा. ठोकळ्याचा अर्थ, इथे काय होतं ते आम्हाला माहीत नाही. एवढंच शास्त्र. पण ते अठ्ठावीस वर्षं चौदाशे पेट्यांशी पाळायचं म्हणजे खायचं काम नव्हे.

काकू ते पाळत होती. पत्र्याच्या त्या लांबलचक शेडमध्ये ती सकाळी आठला शिरायची, मांडण्यांवरची धूळ ओल्या फडक्याने पुसायची, वाळवी लागलेल्या पेट्या बदलायची. मोठमोठे साहेब यायचे, एखादा तुकडा उचलून भिंगातून बघायचे आणि उलटा ठेवून द्यायचे. काकू तिथल्या तिथे सुनवायची. "साहेब, दगड वाचायला शिकवतात तुम्हाला. परत जागेवर ठेवायला कोणी शिकवत नाही वाटतं?" साहेब मुकाट्याने तुकडा सरळ करायचे. तिच्या हाताखालून गेलेली पेटी म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं त्या शेडमध्ये मानलं जायचं. काकूही तसंच मानायची. तिच्या स्वभावातली सगळी ऐट या एका गोष्टीवर उभी होती.

तिची मुलगी गावच्या आरोग्य केंद्रात नर्स. आरोग्य केंद्र म्हणजे दोन खोल्या, एक खाट, एक फ्रीज आणि मंगळवारचा डॉक्टर. मंगळवारी तो आला तर आला. समोरच्या रस्त्यावरून तीस वर्षं तांब्याच्या दगडाचे ट्रक जात होते, गावाच्या वाट्याला त्यातली धूळ तेवढी येत होती. पोट चिरायची वेळ आली की बाईला जीपमध्ये घालून चार तास दूरच्या शहरात न्यायचं. आदल्या वर्षी तशा सहा जणी नेल्या, चौघी वाटेतच बाळंत झाल्या, एक परत आली नाही. ती जीपमध्ये गेली तेव्हा तिचा हात या मुलीच्या हातात होता. त्यानंतर मुलगी गावाच्या हक्क समितीत शिरली आणि बघता बघता समितीचं तोंड झाली.

समितीची मागणी साधी होती. कंपनीला आता गावाच्या बाजूचा नवा डोंगर हवा होता. नियम असा, की डोंगरात तांब्याचा थर आठ मीटरांहून जाड निघाला तर तो मोठा साठा, आणि मोठा साठा खणायचा तर मालाचा ठरलेला हिस्सा त्याच भागावर खर्च करायचा, ऑपरेशनची सोय असलेला दवाखाना आणि पिण्याचं पाणी आधी. थर त्याहून पातळ असेल तर लहान साठा, मग गावाला फार तर एखादा बसथांबा. या डोंगरात पूर्वी अकरा भोकं पाडली होती, कंपनीच्या यादीतली सात ते सतरा नंबरची. जुन्या नोंदवह्या मुख्य कचेरीच्या हलवाहलवीत गहाळ झालेल्या, पुरावा म्हणून उरल्या त्या फक्त काकूच्या पेट्या. दहा भोकांत थर पातळ होता. सतरा नंबरच्या भोकात मात्र जाड दिसत होता, आणि एक जरी भोक आठच्या वर गेलं तरी गावाचं काम होणार होतं.

सरकारने तपासणीला एक मॅडम पाठवल्या. उन्हाने रापलेल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी सतरा नंबरच्या पेट्या टेबलावर ओळीने मांडायला लावल्या, दगडांवर पाणी शिंपडलं आणि टेप लावला. आठ मीटर चाळीस. समितीचे अध्यक्ष, रिटायर झालेले ट्रक ड्रायव्हर, खिडकीबाहेर उभे होते, त्यांनी तिथेच टोपी उडवली. काकूची मुलगी हसली. ती हसलेली काकूने बऱ्याच दिवसांनी पाहिली.

काकू मात्र हसली नाही. तिची नजर तिसऱ्या पेटीवर खिळली होती.

संध्याकाळी घरी भाकरी थापता थापता तिने मुलीला सांगून टाकलं. "ती तिसरी पेटी मी पाडली होती."

"कधी?"

"नोकरीला लागून तिसरा महिना. तू पोटात होतीस. दोन पेट्या एकदम उचलल्या, पाय घसरला. एक सतराची, एक पलीकडच्या डोंगरातली. सतराचे दगड मी तासभर बसून जुळवले. फुटलेल्या बशीसारखं असतं, कडेला कड बसते. सगळे बसले. पण एक ओळ रिकामी राहिली, तिथला ठोकळा फुटून गेला होता. आणि पलीकडच्या पेटीतले सहा तुकडे उरले होते, तांब्याचेच."

"मग?"

"मग काय. साहेब पाच मिनिटांत येणार. रिकामी ओळ माझ्याकडे बघतेय, सहा तुकडे माझ्याकडे बघतायत. भरले." काकूने भाकरी उलटली. "रिकामा डबा बघवत नाही गं मला. पलीकडची पेटी फुटलीच होती. तो डोंगर आधीच खणायला घेतला होता, तिचे बाकीचे दगड कोणी विचारले नाहीत."

मुलीने मनातल्या मनात हिशेब केला. आठ चाळीसातून एक मीटर गेला की सात चाळीस.

"आई, हे कोणाला माहीत आहे?"

"तुला आणि मला."

"मग राहू दे. झाकली मूठ सव्वा लाखाची. एका मीटरसाठी दवाखाना घालवायचा का?"

"आणि उद्या कंपनीने ते तुकडे कापून प्रयोगशाळेत नेले तर? दगड दुसऱ्या डोंगराचा आहे हे तिथे एका दिवसात कळतं. मग तू खोटी, समिती खोटी. पुढची वीस वर्षं तुमचं कोणी ऐकणार नाही."

"नेलेच नाहीत तर?"

काकूने तवा खाली उतरवला. मुलगी अर्धी भाकरी ताटात टाकून उठली. काकूला वाईट वाटलं, पण उद्या आपण काय करणार हे तिला ठाऊक होतं, आणि त्याचं तिला जास्त वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी कागद पुढे केला. पेट्या मूळ स्थितीत आहेत, असं राखणदाराने सही करून द्यायचं होतं. काकूने पेन घेतलं, टोपण लावलं आणि परत टेबलावर ठेवलं. मग तिसऱ्या पेटीतले ते सहा तुकडे एकेक करून उचलून बाजूला मांडले आणि सगळं सांगितलं, रिकाम्या डब्यासकट.

कंपनीचे मॅनेजर तिथेच होते. त्यांचा चेहरा असा उजळला, की शेडमधला दिवा लावायची गरज पडली नसती. "बघा मॅडम, प्रामाणिकपणा म्हणतात तो हा! म्हणजे थर सात चाळीस. लिहून घ्या."

"सात चाळीस नाही," काकू म्हणाली. "ओळ रिकामी आहे म्हटलं मी. तिथे तांबं नव्हतं असं कुठे म्हटलं? तिथे ठोकळा होता. ठोकळा म्हणजे माहीत नाही. तांबं असलेला दगडच पुष्कळदा ठिसूळ असतो, त्याचाच भुगा होतो. होतं म्हणून मी सांगणार नाही आणि नव्हतं म्हणूनही सांगणार नाही."

मॅडमनी तिच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं आणि काहीतरी लिहिलं.

बातमी गावभर व्हायला तासही लागला नाही. अध्यक्ष घरी येऊन उंबऱ्यातूनच बोलले, "वहिनी, हात दाखवून अवलक्षण केलंत. कंपनीचं मीठ खाल्लंत, त्याला जागलात." काकू एरवी उत्तराला कमी पडणारी नव्हे, पण त्या दिवशी तिने नुसतं दार लोटून घेतलं. किराणा दुकानात बायका तिच्याशी बोलेनात. मुलगी एकाच घरात राहून चार दिवस आईशी कामापुरतं बोलत होती. मीठ दे. किल्ली ठेव. काकूला गावाचं काही वाटलं नाही म्हणावं तर खोटं होईल, पण मुलीचं फार लागलं.

पाचव्या दिवशी कंपनीने वकिलामार्फत मॅडमना पत्र दिलं. "सदर शेडमधील नमुने विश्वासार्ह नसल्याचे राखणदाराच्याच कबुलीवरून सिद्ध होते, सबब सतरा क्रमांकाचे भोक विचारात घेऊ नये." पत्राची एक प्रत समितीला आली. मुलीने ती आरोग्य केंद्रात, इंजेक्शनच्या ट्रेशेजारी उभं राहून वाचली. मग पुन्हा वाचली. मग खुर्ची ओढून बसली.

सुनावणी शाळेच्या हॉलमध्ये झाली. मुलगी उभी राहिली. आईकडे न बघता म्हणाली, "कंपनीचं पत्र आम्हाला मान्य आहे. या शेडमधल्या पेट्यांवर विश्वास ठेवता येत नाही. सतरावर नाही, तसाच बाकीच्या दहांवरही नाही. त्या पेट्याही त्याच शेडमधल्या आणि त्याच हाताखालच्या. थर पातळ आहे असं कंपनी कशाच्या जोरावर म्हणते? अकराही भोकं नव्याने पाडा, गावाच्या माणसासमोर."

हॉलमध्ये खुसखुस झाली. मॅनेजर ताडकन उठले. आणि मग एक गंमत झाली, जी बघायला काकूला एरवी तिकीट काढायलाही हरकत नसती. आठवडाभर जिच्याकडे बोट दाखवत होते तिची आरती ओवाळायला ते लागले. "मॅडम, काकूंचं काम अत्यंत चोख आहे. अठ्ठावीस वर्षं! एक चूक झाली असेल, माणूस आहे. बाकीच्या पेट्यांत बोट ठेवायला जागा नाही. त्यांनाच विचारा ना."

परका गुण गात होता आणि पोटची मुलगी भर सभेत वाभाडे काढत होती. काकू मान खाली घालून बसली होती. तिला मुलीचा राग आला नाही, कारण मुलीचा डाव तिला समजला होता. पण समजलं म्हणून लागायचं थोडंच राहतं?

मॅडमनी विचारलं, "काकू, तुम्हीच सांगा. आणखी एखाद्या पेटीत चूक आहे का?"

काकू उठली. बाकीच्या दहा भोकांच्या पेट्या तिला पाठ होत्या, पेटी न पेटी. चूक कुठेही नव्हती. तसं ठणकावून सांगितलं असतं तर तिची अठ्ठावीस वर्षं तिला परत मिळत होती, आणि दवाखाना जात होता. आणखी चुका आहेत म्हणावं, तर ते खोटं होतं, आणि खोटंच बोलायचं असतं तर त्या दिवशी सही करणं काय वाईट होतं?

मुलीने आता आईकडे पाहिलं.

"माझ्या माहितीतली ती एकच," काकू म्हणाली.

मॅनेजर खुर्चीत मागे टेकले.

"पण मॅडम," काकू पुढे म्हणाली, "त्या एकीचंही अठ्ठावीस वर्षं कोणाला कळलं नव्हतं. एवढे साहेब येऊन भिंग लावून बघून गेले. त्या शेडमध्ये रात्रपाळीला दुसरी माणसं असत, मी रजेवर गेले की बदलीची असत. त्यांनी काय पाडलं नि काय भरलं, मला काय ठाऊक? मी फक्त माझ्या हाताचं सांगू शकते. बाकीच्याची हमी मी देणार नाही."

आयुष्यात पहिल्यांदा ती आपल्या शेडची हमी नाकारत होती, आणि आवाज तिचाच होता. ती खाली बसली. अध्यक्षांनी तिच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला. तिने तो घेतला नाही.

निकाल तीन आठवड्यांनी आला. मुलगी केंद्रातून धावतच घरी आली, पायांतल्या चपला न काढता बसली आणि मोठ्याने वाचू लागली. अकराही भोकं कंपनीने स्वतःच्या खर्चाने नव्याने पाडायची. प्रत्येक भोकापाशी गावाने नेमलेला माणूस उभा राहील आणि त्याची सही झाल्याशिवाय पेटी बंद होणार नाही. निष्कर्ष येईपर्यंत डोंगराचा परवाना थांबवला आहे. हे शेवटचं वाक्य मुलीने दोनदा वाचलं. जीपमधली बाई आठवली असावी.

काकू ऐकत होती. ती दगडांतलं वाचायला शिकली होती, कागदातलंही तिला काही कमी कळत नव्हतं. दुसऱ्या पानावरून तिसऱ्यावर जाताना मुलगी क्षणभर अडखळली होती.

"मधलं गाळलंस," काकू म्हणाली.

"काही नाही गं. नुसती कायद्याची भाषा आहे."

"वाच."

मुलीने पान उलटलं.

"सदर शेडमधील नमुने व राखणदाराच्या नोंदी अविश्वसनीय ठरवण्यात येत आहेत," तिने वाचलं, "सबब शेड बंद करण्यात यावे."

काकूने मान हलवली. "हां. आता पूर्ण झालं," ती म्हणाली, आणि शेडची किल्ली नेऊन द्यायला उठली.