नाना आणि साठ ओव्हरचा वर्ल्ड कप

एकाच टीव्हीसमोर वर्षानुवर्षं तीच माणसं बसली, की मॅचचे निकाल विसरायला होतात आणि भलतंच काहीतरी लक्षात राहतं. आचोळ्याला नानांच्या फ्लॅटवर आमचं असंच झालं. नाना बँकेतून रिटायर झालेले, मी त्यांच्या खालच्या मजल्यावरचा. बबन अर्नाळ्याहून एसटीने यायचा आणि येताना काकूंसाठी सुके बोंबील आणायचा.

*

नानांच्या मते खरे वर्ल्ड कप पहिले तीनच. पांढरे कपडे, लाल बॉल, साठ ओव्हर! सत्त्याऐंशीला ओव्हर पन्नास झाल्या, तो राग त्यांनी कधी सोडला नाही. "पन्नास ओव्हर म्हणजे ताकभाताआधीच पानावरून उठणं," म्हणायचे.

ब्याण्णवला रंगीत कपडे आले, तेव्हा टीव्हीकडे बघत म्हणाले, "हे खेळायला आलेत की वरातीला?"

*

पहिल्याच वर्ल्ड कपात आपला एक ओपनर साठच्या साठ ओव्हर उभा राहिला आणि छत्तीसवर नाबाद परतला. नाना हे दरवेळी हळहळून सांगायचे.

एकदा काकू आतून म्हणाल्या, "ह्यांना भाजीला पाठवलं की तेच. सगळा बाजार फिरतात आणि कोथिंबिरीची एक जुडी घेऊन नाबाद घरी."

*

मग नानांना काचबिंदू झाला. स्क्रीनवर दिसत असलेला स्कोअर ते विचारायला लागले. आम्ही सांगायचो. त्याबद्दल बोलायचं मात्र कुणी नाही.

नव्व्याण्णवच्या वर्ल्ड कपात एकदा आपलीच विकेट पडली आणि नानांनी जोरात टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात बबनही टाळ्या वाजवायला लागला. मग मीही. काकू लाटणं हातात घेऊन बाहेर आल्या, "जिंकलो का?"

"नाय काकू," बबन म्हणाला, "पन जिंकू."

*

पण नानांना ते कळलं होतं. पुढच्या मॅचला आम्ही गेलो तर म्हणाले, "उद्यापासून तुम्ही खाली ह्याच्या घरी बसा. हवा तर हा टीव्ही घेऊन जा. तुम्ही बघायचं आणि मी विचारत राहायचं, तुमचीही मजा जाते."

नानांशिवाय मॅच बघायची तर बघायचीच कशाला, असं मला वाटत होतं.

बबनला गप्प बसवत नाही. विषय बदलायला म्हणाला, "नाना, त्र्याऐंशीची झिम्बाब्वेची मॅच आठवते? सतरावर पाच गेलेले, मग कॅप्टन एकटा भिडला. टीव्हीवर सोताच्या डोळ्यांनी बघितली मी."

"थापा मारू नकोस," नाना सवयीने म्हणाले. "त्या दिवशी मैदानावर कॅमेराच नव्हता. टीव्हीवर ती मॅच कुणीच बघितलेली नाही."

बोलता बोलता ते थांबले.

"कुणीच नाही," पुन्हा म्हणाले. मग सरसावून बसले. "अगं, चहा टाक. आणि तो टीव्ही बंद करा रे. हां बबन, सतरावर पाच. कॅप्टन उभा आहे. सांग पुढे."