जांभळ्याचं पिवळं

किस्से कुणी मुद्दाम घडवत नाही हो. सात वर्षं एकाच प्रयोगावर पीएच.डी. करा, नको नको म्हणताना साठतात!

मी नंदुरबारकडच्या एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवते आणि मोहाच्या फुलांत अँटिऑक्सिडंट किती, ते मोजते. टेस्ट सोपी. जांभळ्या द्रावणात फुलांचा अर्क घालायचा आणि अर्धा तास अंधारात ठेवायचं. जांभळ्याचं पिवळं झालं, की अर्क दमदार. माझं मेलं जांभळंच राहायचं.

*

उजेड लागू नये म्हणून नळ्यांना फॉइल गुंडाळते. एकदा फॉइलच गायब! सापडलं ते लोणखेड्याहून सायकलवर येणाऱ्या आमच्या लॅब अटेंडंटच्या, सुकलालआप्पांच्या डब्यात.

"मॅडम, भाकर गरम ऱ्हास ना!"

*

प्राचार्य एकदा दारातच थबकले. आत मोहाचा ढीग, काचेच्या नळ्या, खिडकीला काळा पडदा.

"मॅडम, खरं सांगा, नक्की काय काढताय?"

तेव्हापासून स्टाफरूममधलं कुणी ना कुणी हळूच 'सँपल' मागतं. हसायचंही त्राण उरलेलं नाही.

*

रंग मोजायचं मशीन तापायला अर्धा तास लागतो, लाईट जायला क्षण पुरतो.

"आप्पा, कधी येईल हो?"

"गई म्हनजे येईच!"

*

आप्पांनी एकदा विचारलं, "मॅडम, सगळास्मा भारी काय शे?"

म्हटलं, "सगळ्यात दमदार? व्हिटॅमिन सी. लिंबात असतं ना, तेच. आपला अर्क त्याच्याशी ताडून बघायचा."

आप्पांनी मान डोलावली. सात वर्षांत माझं कुणीतरी नीट ऐकलं, एवढ्यानंच बरं वाटलं.

*

मुदत संपत आलेली. शेवटचा अर्क. हाही गेला तर सात वर्षं पाण्यात. त्याच्या तीन नळ्या कपाटात ठेवताना आप्पांसमोरच रडू फुटलं. तेवढ्यात मीटिंगला बोलावणं आलं. परत येऊन बघते, तर तिन्ही पिवळ्याधमक!

गाईड फोनवर ओरडलेच, "अहो, थेट व्हिटॅमिन सीच्या तोडीचं!"

थिसिस बाइंडिंग होऊन गेला. परवा व्हायवा आहे.

काल आप्पा रिटायर झाले. शाल-नारळ घेऊन लॅबमध्ये आले, दार लोटलं आणि हळूच म्हणाले,

"मॅडम, आज सांगीच टाकस. त्या दिन नळ्या जांभळ्याच व्हत्यात. तुम्हनं रडनं मन्हाथून देखायनं नही. डब्बामा लिंबू व्हतं... दोन दोन थेंब पिळी दिन्हं."