थांबलेला हात

ऑपरेशनच्या आधी दासगावचा न्हावी एक दिवसाआड सकाळी महाडला माझ्या घरी यायचा. पार्किन्सनच्या कंपाने माझ्या हातात वस्तरा ठरत नव्हता. चहासुद्धा निम्मा पोटात, निम्मा सदऱ्यावर. दाढी दहा मिनिटांची, पण तो तासभर बसायचा. कशेडी घाटात दरड आली, अमक्याची म्हैस व्याली, सगळं सांगायचा. बायको गेल्यापासून घरात तेवढाच काय तो दुसरा आवाज.

मग मुलाने मला मुंबईला नेऊन मेंदूत तारा बसवून घेतल्या. छातीवर कातडीखाली बॅटरी, तिथून मेंदूला सतत विजेचे बारीक ठोके. डॉक्टर म्हणाले, या आजारात मेंदूतल्या काही पेशी एकाच ठेक्यात अडकून बसतात, वीज तो ठेका मोडते. मी जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलं, मला लगेच उमगलं. सगळा वर्ग एका सुरात पाढे घोकत असला की एखाद्याला काही सांगायचं असलं तरी ऐकू येत नाही. आजार मुळातून जात नाही, हेही डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते माझ्याशिवाय कोणी मनावर घेतलं नाही.

हात थांबला. महिनाभर माझ्याजवळ राहून मुलगा मुंबईला परत गेला. न्हावी म्हणाला, "गुरजी, आता तुमचा हात बरा हाय. दाढी तुमीच करा, मला दुकान सोडून यायला जमत नाय." त्याचं काय चुकलं? तरी मला रागच आला, त्याचाही आणि माझ्या या शहाण्या हाताचाही.

मुलगा दर रविवारी व्हिडिओ कॉल करतो. "बाबा, हात दाखवा." मी दाखवतो. "मस्त! मग या महिन्यात येत नाही, काम आहे."

गेल्या रविवारी फोन यायच्या आधी मी छातीतल्या बॅटरीचा रिमोट घेतला आणि मशीन बंद केलं. असलं काही करू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मुलाच्या कॉटवर धुतलेली चादर मी सकाळीच घालून ठेवली होती. थोड्या वेळात बोटं थरथरू लागली, मग मनगट. लाज वाटत होती, पण मी थांबलो नाही.

हात बघून मुलाचा चेहरा उतरला. क्षणभर वाटलं, जमलं.

"घाबरू नका बाबा, सेटिंग बदलावं लागेल. डॉक्टरांची वेळ घेतो आणि गाडी पाठवतो. ड्रायव्हर ओळखीचा आहे."

मी बरं म्हटलं. फोन ठेवला आणि मशीन चालू करायला गेलो, तर कापऱ्या बोटाखाली बटण काही केल्या येईना. हाक मारायला घरात कोणी नव्हतं.