नव्वद दिवसांची मुदत

“दहा मिनिटं, वकीलसाहेब,” म्हणत अटेंडंटने दार बाहेरून लावून घेतलं. आत मी आणि जनार्दन. याआधी आम्ही असेच भेटलो होतो, पण जेलमध्ये.

जनार्दन नावडे गावचा. कळंबोलीच्या लोखंड बाजारात क्रेन चालवायचा. काही वर्षांपूर्वी मारामारीच्या केसमध्ये त्याला सात महिने झाले, तेव्हा वकील मीच होतो. आता तो एका खासगी मानसिक नर्सिंग होममध्ये होता. त्याची झोप उडाली होती, माणसं पाठलाग करतात असं वाटायचं. एके दिवशी त्याने घरातल्या सगळ्या काचा फोडल्या. मोठ्या भावाने अर्ज केला, दोन डॉक्टरांनी सर्टिफिकेट दिलं आणि चौघांनी धरून त्याला इथे आणलं. आजार खरा होता, यात वाद नाही.

“आता कसं आहे?” मी विचारलं.

“झोप लागते. कोन मागं हाय, असं नाय वाटत. पन जेल बरा होता, साहेब.”

“असं का?”

“तिथं पन पट्टा काढून घेतलेला, हितं पन. तिथं पन घंटा झाली का जेवन. पन तिथं सुटायची तारीख होती. आनि तिथं भांडलो तर बोलायचे, भांडखोर हाय. हितं भांडलो तर बोलतात, अजून बरा नाय झाला. मंग इंजेक्शन.”

मी ते लिहून घेतलं आणि डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेलो. त्याची बायको सुनंदा तिथे बसलेली होती. तिनेच मला बेलापूरच्या ऑफिसात येऊन गाठलं होतं.

“पेशंट स्टेबल आहे,” डॉक्टर म्हणाले.

“मग डिस्चार्ज द्या.”

“ज्यांनी अ‍ॅडमिट केलं, त्यांची सही लागते. ते येत नाहीत.”

“मी बायको हाय त्याची,” सुनंदा म्हणाली.

“अर्ज तुमचा नाही ना, ताई.”

मी अ‍ॅडमिशनचा कागद मागितला. तेव्हाच्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे नातेवाइकाच्या अर्जावर नव्वद दिवसच ठेवता यायचं. पुढे मॅजिस्ट्रेटची ऑर्डर हवी. मी दिवस मोजले. एकशे एक. ऑर्डर नव्हती. डॉक्टर माणूस वाईट नव्हता. कोणी मोजलंच नव्हतं.

भावाला भेटलो. तो म्हणाला, “घरान ल्हान पोरं हायेत, साहेब. मना भीती वाटते.” तेही खोटं नव्हतं. सही मात्र त्याने दिली नाही.

मी मॅजिस्ट्रेटकडे अर्ज केला. त्यांनी जनार्दनला समोर उभं केलं.

“राग येतो का?”

नाही म्हण, असं मी त्याला शिकवलं नव्हतं.

“येतो, साहेब. पन काचा नाय फोडनार. गोली चालू ठेवीन.”

मॅजिस्ट्रेटने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर म्हणाले, “घरी राहू शकतो.” ऑर्डर झाली. सुनंदाने त्याला माहेरी नेलं.

जेलमधून सुटल्यावर मालकाने त्याला दुसऱ्या दिवशी क्रेनवर बसवलं होतं. या वेळी म्हणाला, “क्रेन नको, गेटवर बस.” डॉक्टरांनी फिटनेस सर्टिफिकेट दिलं, तरी ऐकेना. पुढे सहा महिने जनार्दन गेटवर गाड्यांचे नंबर लिहीत होता. मग दुसऱ्या यार्डात क्रेन मिळाली. तिथे त्याने जेलचं सांगितलं, नर्सिंग होमचं नाही.

हल्ली अशी केस आली की मी डिस्चार्जच्या अर्जासोबत ‘माणूस बरा आहे, जुन्या कामावर घ्या’ असं मालकाच्या नावाचं पत्रही टाइप करून ठेवतो. निम्म्या वेळा उपयोग होतो.