थेंबाचं घर

ते गाडीखाली हात घालायचे, बोटावर तेल घ्यायचे, अंगठ्याने ते जरा चोळायचे आणि बोट नाकाशी नेऊन डोळे मिटायचे. दोन सेकंद. डोळे उघडले की निकाल तयार असायचा. "इंजिनचं नाही. गिअरचं आहे."

"मग सील बदलून टाका ना," समोरचं गिऱ्हाईक घाई करायचं.

"आधी थेंबाचं घर सापडू द्या. त्याशिवाय मी पाना हातात घेत नाही. फारच घाई असेल तर खाली बादली बांधून घेऊन जा."

हडपसरला सासवड रस्त्यालगतच्या एका गल्लीत त्यांचं गॅरेज होतं. पुढे पत्र्याची शेड, मागे दोन खोल्यांचं घर. सगळे त्यांना चाचा म्हणत, म्हणून मीही म्हणायचे. मी कोथरूडच्या एका संस्थेत काम करते. डोंगरावरच्या वाड्यांमध्ये पिण्याच्या पाण्याच्या टाक्या बांधणं हे आमचं काम. तिथवर जाणारी एकच गाडी आमच्याकडे आहे, पंचवीस वर्षांपूर्वीची फोर-व्हील-ड्राइव्ह. टाक्या गळू नयेत हे पाहणं माझी जबाबदारी, आणि मी ज्या गाडीतून ते पाहायला जायचे ती सगळीकडून गळायची.

अशी गाडी ज्यांनी वापरली आहे त्यांना हे सांगायला नको. इंजिनाचं तेल वेगळं, गिअरबॉक्सचं वेगळं, चारही चाकांकडे ताकद वाटणाऱ्या दुसऱ्या गिअरबॉक्सचं वेगळं, पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलचं वेगळं. गाडी धावताना वारा तेल मागे ढकलतो. गळतं एकीकडे, थेंब पडतो दुसरीकडे. मेकॅनिक थेंब पडतो तिथलं रबरी सील बदलतो आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तोच थेंब.

मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा तीन मेकॅनिकांचं मागच्या अ‍ॅक्सलचं सील बदलून झालं होतं. चाचा खाली शिरले आणि हसत बाहेर आले. अ‍ॅक्सलवर हवा जायला एक बारीक नळी असते. तिच्या तोंडावर कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं होतं. आतलं तेल तापलं की हवा फुगणार, तिला वाट नाही, मग ती सीलमधून तेल बाहेर ढकलणार.

"सील बिचारं काय करेल? त्याला आतून धक्के मारताय तुम्ही," ते म्हणाले. एक तार घेतली, माती काढली. काम संपलं. मी विचारलं, "एवढंच?" तर म्हणाले, "आणखी काही बिघडवून देऊ का, मॅडम?"

घर सहज सापडलं नाही तर त्यांची एक पद्धत होती. गाडीचं पोट रॉकेलने धुऊन कोरडं करायचं, त्यावर तोंडाला लावायची पावडर उडवायची आणि दिवे घाट चढून-उतरून यायचं. पांढऱ्या पावडरीवर पहिला काळा डाग जिथे उठेल, ते घर. चालवायचं मालकाने. चाचा शेजारी बसून ऐकणार.

पावडरीचा डबा अर्थातच घरातून यायचा. मागून चाचींचा आवाज ऐकू यायचा. "ईदला आणलेली पावडर हाय ती! माझ्या तोंडाला मिळत नाही, गाडीच्या ढुंगणाला लावतात!"

"गाडीचं तोंड खालीच असतं," चाचा इकडून सांगायचे.

साथीच्या दुसऱ्या वर्षी त्यांना मोठा ताप येऊन गेला. दोन महिन्यांनी शेड पुन्हा उघडली. काम तसंच चोख होतं, फक्त एक सवय नवी लागली होती. गाडीखालून निघाले की चिंधीला हात पुसत म्हणायचे, "पाणी पिऊन येतो." आत जायचे, मिनिटभराने बाहेर येऊन निकाल द्यायचे. आजारपणानंतर घसा कोरडा पडत असेल, असं मी धरून चालले. चिंधी हातात घेऊन पाणी प्यायला कोण जातं, हे मला सुचलं नाही. तुम्हालाही सुचलं नसतं. दुसऱ्याच्या सवयी आपण पाहतो, तपासत नाही.

मागच्या वर्षी चाची गेल्या. झोपेतच. मी भेटायला गेले, दहा मिनिटं बसले. काय बोलावं कळेना, तेव्हा गाडी कधी आणू ते विचारलं. त्यांनी वार सांगितला. बहुधा त्यांनाही बरं वाटलं असावं. असं मी तेव्हा समजले.

त्यानंतर चार-पाच महिन्यांनी गाडीच्या मागच्या उजव्या चाकाची आतली बाजू ओली दिसली. चाचांनी चाक काढलं, त्यामागचा ब्रेकचा ड्रम काढला. आत सगळं चिकट झालेलं. बोट लावलं, नाकाशी नेलं. डोळे मिटले. या वेळी बराच वेळ मिटले.

"गिअरचं. अ‍ॅक्सलचं सील गेलंय," ते म्हणाले. पाणी प्यायला आत गेले नाहीत.

सील बदललं, सगळं पुसून घेतलं, जोडलं. बॉनेट लावताना म्हणाले, "ब्रेकचं तेल थोडं कमी होतं, भरून टाकलं." हे वाक्य मी ऐकलं होतं. टाकीतलं पाणी एका बोटाने उतरलं तरी गवंड्याला जाब विचारणारी बाई मी. ब्रेकचं तेल कमी का झालं, एवढं मी विचारलं नाही.

नेहमीप्रमाणे आम्ही दिवे घाटात गेलो. चढ व्यवस्थित चढलो. उतरताना तिसऱ्या वळणाआधी पाय ब्रेकवर ठेवला आणि तो थेट गाडीच्या तळापर्यंत खाली गेला. पुन्हा दाबला. खाली काही नव्हतंच.

"चाचा, ब्रेक नाही."

"सेकंड टाका. आवाज होऊ द्या. हँडब्रेक मी ओढतो. डोंगराला घासा, मॅडम, घासा!"

समोर कॉलेजच्या पोरांची एक दुचाकी होती, तिघं बसलेले. मी हॉर्नवर हात ठेवला आणि गाडी डोंगराच्या अंगाला घातली. दार खडकावर खरडत गेलं, दोन चाकं चरीत उतरली आणि गाडी थांबली. पोरं मागे वळून शिव्या देत निघून गेली. किती थोडक्यात वाचली ते त्यांना कळलंही नाही.

चाचा उतरले आणि मागच्या चाकाशी उकिडवे बसले. बोट लावलं, नाकाशी नेलं. मग माझी पाण्याची बाटली मागून चाकावर ओतली. गिअरचं तेल असतं तर पाण्यावर तवंग आला असता. आला नाही. जे होतं ते पाण्यात सरळ मिसळून वाहून गेलं. ब्रेकचं तेल तसं मिसळतं.

मी वाकून वास घेतला. गिअरच्या तेलाला कुजक्या लसणासारखा वास असतो, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. त्यातलं काहीही नव्हतं. गळत होतं ते ब्रेकचं सिलिंडर, आणि ते कुणी तपासलंच नव्हतं.

"चाचा, तुम्हाला वास येत नाही का?"

"तापात गेला."

"मग एवढी वर्षं?"

"ती सांगायची," ते म्हणाले. "चिंधी घेऊन आत जायचो. हे इंजिनचं, हे गिअरचं, हे ब्रेकचं. कधी चुकली नाही. स्वैपाक करता करता सांगायची."

मला राग आला होता. मी म्हटलं, "ही पाण्याची परीक्षा गॅरेजमध्ये का नाही केलीत?"

"खात्री होती, मॅडम. त्या जागेला नेहमी सीलच जातं. खात्री असल्यावर कोण पाणी ओततं?"

टोइंगची गाडी यायला वेळ होता. त्यांच्या शेडमध्ये आणखी दोन गाड्या उघडून ठेवलेल्या होत्या. मी मालकांचे नंबर मागितले. त्यांनी खिशातली डायरी काढून पान उघडून दिलं. त्यांच्यासमोर उभी राहून मी दोन्ही फोन केले. गाड्या घेऊन जा, म्हटलं. का, तेही सांगितलं.

"बरं केलंत," चाचा म्हणाले. "मला जमलं नसतं."

पंधरा दिवसांनी ते कोथरूडला आमच्या ऑफिसात आले. दोन बस बदलून. धुतलेला सदरा, केस विंचरलेले. पिशवीतून त्यांनी चिंध्या काढल्या, प्रत्येक वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली.

"रोज नाही म्हणत. आठवड्यातून दोनदा मी येतो. तुम्ही नुसतं कशाचं ते सांगायचं. बाकी हात चालतात माझे."

त्यांचे हात टेबलावर होते. खरोखरच चालत होते.

मी म्हटलं, "चाचा, माझ्या नाकाच्या भरवशावर दुसऱ्याच्या गाड्या रस्त्यावर नकोत. आणि मला वेळही नाही."

"बरोबर आहे," ते म्हणाले. चिंध्या एकेक करून पिशवीत भरल्या. चहा पूर्ण प्यायले, कप बेसिनपाशी नेऊन विसळून ठेवला आणि गेले. माझं उत्तर मला आजही चूक वाटत नाही. विचारायला येण्यासारखं त्यांना दुसरं कुणीच उरलं नव्हतं, हे मात्र मी त्या वेळी मोजलं नाही.

शेडमध्ये आता मोबाइलची कव्हरं विकतात. चाचांना मुलगी सोलापूरला घेऊन गेली.

गेल्या महिन्यात गाडीच्या पुढच्या अ‍ॅक्सलखाली थेंब दिसला. दोन मेकॅनिकांनी दोन सीलं बदलली, थेंब पडायचा थांबला नाही. मी सोलापूरला फोन लावला. मुलीने उचलला. "अब्बा दिवसभर बसून असतात हो. बोलतात का बघा," म्हणाली.

मी सगळं नीट सांगितलं. कुठे पडतो, गाडी तापल्यावर की उभी असताना, वास कसला.

"मॅडम, मला नका विचारू आता."

"नुसता अंदाज सांगा, चाचा."

"मागच्या वेळी अंदाजच सांगितला होता."

त्यांनी फोन ठेवला नाही. मीही नाही. तिकडे कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी टीव्हीचा आवाज वाढवला. ते फोन कानाला लावून बसले होते आणि मी काहीतरी बोलेन म्हणून थांबले होते. मी शोधत राहिले. चौदा वर्षांत मी त्यांच्याशी गाडी सोडून दुसरं काही बोललेच नव्हते.

फोन शेवटी मीच ठेवला.