जिजी येऊन बसायच्या

अमडापूरहून आमच्या दिरांची भाजीची गाडी चिखलीच्या बाजाराला येते. गाडीवान किसन परत जाताना माझ्या दारात मेथीच्या आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या टाकून जातो. त्या दिवशी तो नुसताच ओट्यापाशी उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, देशमुखाच्या जिजी गेल्या काल."

मी विचारलं, "विहिरीत?"

किसन माझ्याकडे पाहतच राहिला. "नाई बाई. तापानं गेल्या. घरचे सारे जवळ व्हते."

ते ऐकून मला हायसं वाटलं... आणि लगेच स्वतःची लाज वाटली. अख्खं गाव ज्या बाईला 'येडी देशमुखीण' म्हणायचं, तिच्याबद्दल माझ्या तोंडून पहिला प्रश्न गावाचाच निघाला. साध्या तापानं मरण्याचा हक्क मीही त्यांना द्यायला तयार नव्हते. मी, जिनं त्यांना सर्वांत जवळून पाहिलं होतं.

या गोष्टीला आता दीड महिना होईल. तेराव्याला गेले होते. देशमुखांच्या घराण्याबद्दल, शेतीवाडीबद्दल, दानधर्माबद्दल पुष्कळ बोलणं झालं. जिजींनी जन्मभर काय केलं, ते कुणी बोललं नाही, कारण ते सांगायचं तर आधी आपलं सांगावं लागतं. माझं मी आजवर कुणाला सांगितलं नाही. शाळेत मुलींना शिकवते, गावात चार लोक मान देतात, आणि तो मान जाईल ही भीती मी किती वर्षं पदरात बांधून फिरले, ते माझं मलाच ठाऊक.

माझं सासर अमडापूरचं, माळ्याचं. विहिरीवर मोट, मोटेचं पाणी पाटानं वाफ्यांना. पहिलं बाळंतपण सासरीच झालं. मुलगी झाली, वत्सला. ती झाल्यापासून माझी झोप गेली ती गेलीच. आधी नुसतं रडू यायचं. मग मला वाटू लागलं की हे मूल आपलं नाही, आपलं मूल जमिनीत आहे आणि तिथून हाक मारतं आहे. एका सकाळी मी वत्सलाला उचललं, मळ्यात गेले आणि कोरड्या पाटात ठेवलं. मोट सुरू होती. पाणी पाटानं पुढं सरकत येत होतं आणि मी काठावर उभी राहून ते पाहत होते. माझ्या सासूबाईंनी, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो, वांग्याच्या वाफ्यातून धावत येऊन लेकरू उचललं. तिचं दुपटं तेवढं भिजलं होतं.

मला कांद्याच्या खोलीत कोंडलं, पुढचे काही महिने तिथेच गेले. देवऋषी येऊन गेला, त्याचे वळ पाठीवर राहिले. बुलढाण्याचे मोठे डॉक्टर म्हणाले, नागपूरला वेड्यांच्या इस्पितळात न्या. पण माळ्याची सून नागपूरला गेली हे कळलं तर नणंदेचं लग्न कसं होणार? कुणी नेलं नाही. हळूहळू माझी मीच निवळत गेले. झोप येऊ लागली, भूक लागू लागली. मला बाहेर काढलं, खुरपायला बसवलं. लेकरू मात्र माझ्या हाती कुणी देत नव्हतं. ते योग्यच होतं असं मलाही वाटायचं. सगळ्यांची समजूत होती की मला त्यातलं काही आठवत नाही, आणि मीही तसंच दाखवत होते. मान खाली घालून खुरपत राहायचं, नजर वर करायची नाही.

अशातच एका सकाळी जिजी मळ्यात आल्या. मोठ्या घरची, पडद्यातली बाई, एकटीच पायवाटेनं चालत आली. माझी तर गाळणच उडाली. मी उठून "बाईसाहेब" म्हणाले, तर त्या माझ्याशेजारी मातीतच बसल्या. "जिजी म्हन मले," म्हणाल्या. "अन घाबरू नको. येडीले कोन अडवते? गेली कुठंसी, म्हनतात." मग बराच वेळ नुसत्या बसून राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "तुले सारं याद हाय नं?"

माझा हात थांबला.

"मले बी हाय," त्या म्हणाल्या. "लोकाईले वाटते, डोकं फिरलं का मानूस सारं इसरते. इसरत नाई, माय. इसरलो असतो तं बरं झालं असतं."

मग त्यांनी आपलं सांगितलं. त्यांच्या कानात आवाज यायचे. लग्नानंतर काही वर्षांनी सुरू झाले, मधे थांबायचे, पुन्हा यायचे. अशाच एका फेऱ्यात त्या डोक्यावरचा पदर टाकून पुरुषांच्या बैठकीत गेल्या. तहसीलदार आलेले होते. "मालकाले नाई नाई ते बोलली. पानदान उचललं अन फेकून मारलं."

मला राहवलं नाही. "लागलं का त्यांना?"

"त्याईले कुठचं! तहसीलदाराले लागलं."

आम्ही दोघीही हसलो. मला कितीतरी महिन्यांनी हसू आलं होतं, आणि त्या हसण्याच्याच पाठोपाठ मी पाटाचं सगळं सांगून टाकलं. पाणी येताना पाहत होते, तेही सांगितलं. जिजींनी 'तू नाही केलंस, आजारानं केलं' असलं काही म्हटलं नाही. त्या फक्त "हाव... मंग?" म्हणत राहिल्या आणि मी शेवटपर्यंत सांगू शकले.

त्या बैठकीच्या प्रसंगानंतर जिजींना मागच्या खोलीत ठेवलं होतं. त्यांचा मुलगा तेव्हा रांगत होता. तो जावेकडे वाढला, तिलाच आई म्हणू लागला. जिजी बऱ्या झाल्या तरी तो परत आला नाही, आणि त्यांनी मागितलाही नाही. "कोन्या तोंडानं मांगू?" म्हणायच्या. म्हणूनच असेल, माझ्या लेकराची गोष्ट मात्र त्यांनी सोडली नाही. एके दिवशी सरळ आमच्या घरी आल्या आणि आत्याबाईंना म्हणाल्या, "नात इच्या मांडीवर द्या."

आत्याबाई दारातच उभ्या राहिल्या. "अन पुन्हा तसं झालं तं, बाईसाहेब?"

"मी बसून राह्यते नं इथं."

"तुमी?" आत्याबाई एवढंच म्हणाल्या, पण त्यात काय होतं ते सगळ्यांना कळलं. जिजींची मान खाली गेली. वाटलं, आता उठून जातील. त्या म्हणाल्या, "हाव, मीच. येत असलं का कसं येते, हे मले समजते. तुमाले नाई समजनार. तुमी बी बसा पाह्यजे तं."

आत्याबाई बसल्या. दोघींच्या मधे मी, आणि वत्सला माझ्या मांडीवर. ती मला ओळखत नव्हती, आजीकडे हात करून रडत होती. जिजी माझ्या कानाशी म्हणाल्या, "मनात काही वाकडं आलं तं मले सांगजो. मी उचलून घेईन. काऊन म्हनून इचारनार नाई."

त्या रोज सकाळी यायच्या. काही दिवसांनी आत्याबाई उठून कामाला जाऊ लागल्या, आम्ही तिघीच उरू लागलो. आणि एकदा ते आलंच... वत्सला माझ्या मांडीवर झोपली होती आणि मला जमिनीतून हाक ऐकू आली. अगदी बारीक. हे सांगितलं तर लेकरू कायमचं जाईल, हे मला कळत होतं. न सांगता बसले असते तर कुणाला समजलंही नसतं. मी म्हणाले, "जिजी, घ्या."

त्यांनी घेतलं. काही विचारलं नाही. थोड्या वेळानं म्हणाल्या, "चांगलं केलं सांगतलं. जाय, जरा झोप." घरात त्या कुणालाच काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी आल्या आणि स्वतःच्या हातांनी वत्सलाला माझ्या मांडीवर ठेवलं. त्या दिवसापासून मी पुन्हा आई झाले असं मी समजते.

जिजींचे आवाज मात्र पुरते गेले नाहीत. मधूनच त्या अंगावर सगळे दागिने घालून बसायच्या, जेवण सोडायच्या, मग घरचे खोलीला कुलूप लावायचे. तेव्हा मी जायचे. आत कुणी सोडत नसे, म्हणून परसातल्या खिडकीखाली ओट्यावर बसायचे. गडी माणसं हसायची, 'येडीले येडी भेटली' म्हणायची. माझे कान तापायचे, तिथून पळून जावंसं वाटायचं. जिजी आतून कधी शिव्या द्यायच्या, कधी "सगुना, हाय का तू?" विचारायच्या. मी "हाव" म्हणायचे. याहून जास्त मला काही करता येत नव्हतं. त्या बऱ्या झाल्या की म्हणायच्या, "त्या आवाजाईत एक तुहा व्हता. तो खरा हाय हे समजे."

हळूहळू आणखी काहीजणी आल्या. दुसरबीडला दिलेली एक मुलगी नवऱ्यानं टाकून दिल्यामुळे माहेरी बसून होती, आठवडेच्या आठवडे बोलत नसे. एक सोनाराची सून होती, तिला प्रत्येक घासात विष दिसायचं. जिजी त्यांच्याकडेही अशाच जाऊन बसायच्या. सोनाराच्या सुनेच्या ताटातला पहिला घास स्वतः खायच्या, विटाळ-चांडाळ काही पाहायच्या नाहीत. पुढे ह्यांनी मला मास्तरणीच्या परीक्षेला बसवलं, चिखलीला नोकरी लागली, तरी सुट्टीत गेले की आम्ही सगळ्या मळ्यात जमत असू. बाहेर मात्र बाजारात समोरासमोर आलो तरी एकमेकींना ओळख देत नसू. तसं ठरवलेलं नव्हतं. लाजेनं ते आपोआप होत होतं.

हे लिहिण्याआधी वत्सलाला विचारणं भाग होतं. ती मलकापूरला दिलेली आहे, तिलाही आता एक मुलगी आहे. ती बाळंतपणाला आली तेव्हा मी तिच्या तोंडाकडे टक लावून पाहत असे, झोप लागते का नाही ते. तिला पाटाची गोष्ट सांगताना मला शब्द सुचेनात. ती म्हणाली, "आई, मला माहीत आहे. आजीनं मरायच्या आधी सांगितलं होतं. म्हणाली, तुझ्या आईनं स्वतःहून तुला दुसऱ्याच्या हातात दिलं, ते मी भिंतीआडून पाहिलं, मग माझी भीती गेली." म्हणजे आत्याबाईंनाही ठाऊक होतं! आणि आम्ही दोघी जन्मभर एकमेकींपासून लपवत राहिलो.

गेल्या आठवड्यात जिजींचा मुलगा माझ्याकडे आला. मोठा जमीनदार माणूस, पण ओट्याच्या कडेला अंग चोरून बसला. चहा गार होऊ दिला. शेवटी म्हणाला, "मावशी, मी माह्या सोयरिकीच्या वक्ती पोरीवाल्याईले सांगतलं व्हतं का माय वारली म्हनून. ती मांगच्या खोलीत व्हती." मग म्हणाला, "आता सकाळी त्या खोलीत जाऊन बसतो मी. जन्मात कधी आत गेलो नव्हतो. तिथून न्हानीचा दगड दिसते. मी रोज तिथंच आंघोळ करत आलो..." तो माझ्याकडे वळला. "तिले काही समजत नसन ना?"

'नाही' म्हणणं सोपं होतं. त्यासाठीच तो आला होता. पण जिजींना न कळणारी बाई ठरवून मला त्याचं समाधान करता येईना.

"सगळं समजत होतं," मी म्हणाले. "सोयरिकीचंही."

त्यानं डोळे मिटले. तसंच विचारलं, "मंग मले काय म्हनत व्हती?"

"तुला शिव्या नव्हत्या देत. म्हणायच्या, बाबू आंघोळ करून तसाच ओल्या डोक्यानं जाते. त्याले कोनी केस पुसाले सांगत नाई."

त्याचा हात आपोआप डोक्यावर गेला. केस विरळ झालेत आता, करडे. हात खाली घेऊन तो आपल्या तळव्याकडे पाहत राहिला, कुठं ओलं लागलंय का ते पाहावं तसा.